नौदलाचं ‘ह्यूई’ घरी बांधायचंय? आधी हिशेब बघा

कोल्हापुरात खेळण्यांच्या दुकानात ‘हेलिकॉप्टरचं किट’ मागितलंत, तर बहुधा रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर पुढ्यात येईल. तुम्हाला हवंय ते वेगळं : सुटे भाग कापून, चिकटवून, रंगवून बांधायचं, व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी नौदलाचं सशस्त्र ‘ह्यूई’. ते ऑनलाइनच मागवा. पण पैसे भरण्याआधी खोक्यावरचं अक्षर वाचा.

नौदलाची ‘सीवुल्फ’ तुकडी १ एप्रिल १९६७ ला स्थापन झाली आणि १९७२ मध्ये मोडली. तिची सुरुवात लष्कराकडून घेतलेल्या यूएच-१बी, म्हणजे ‘ह्यूई’च्या बी प्रकारच्या, हेलिकॉप्टरांवर झाली, पुढे यूएच-१सीही आली. बाजारात ‘व्हिएतनाम ह्यूई’ म्हणून डी आणि एच प्रकारही सर्रास विकले जातात. ती सैनिक वाहणारी, लांब केबिनची. त्यांच्या सरकत्या दाराला दोन खिडक्या असतात, बी आणि सीच्या दाराला एकच. चित्रावर जाऊ नका, सुट्या भागांचा फोटो मागा आणि दार बघा. बी की सी हे ठरवायला शेपटीचा उभा पंख पुरतो : बीचा अरुंद, सीचा रुंद. बीची हवेचा वेग मोजणारी नळी नाकावर असते, सीची छतावर. ‘नेव्ही’ अक्षरांचे डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचे छाप, खोक्यात आहेत का, हेही विचारा. नसतील तर वेगळी शीट घ्यावी लागते, आणि ती कधी कधी किटच्या निम्म्या किमतीला पडते.

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, विक्रेत्यागणिक फरक पडेल. १:७२ मापात हॉबीबॉसचं यूएच-१बी किंवा इटालेरीचं यूएच-१सी साधारण हजार ते दोन हजारांत. १:४८ मध्ये मोनोग्रामचं जुनं ‘ह्यूई हॉग’, पुढे रेव्हेलनेही काढलेलं, अडीच ते चार हजारांत. १:३५ मध्ये अकॅडमीचं यूएच-१सी चार हजारांच्या पुढेच. सांगाडा अनुक्रमे १८, २७ आणि ३७ सेंटिमीटर लांब होतो. पहिलंच मॉडेल असेल तर १:७२ घ्या.

किटच्या किमतीवर भुलू नका. प्लॅस्टिक चिकटवायचं सिमेंट चारशे, पाच-सहा रंग बाराशे ते चौदाशे, ब्रश तीनशे, कटर आणि निपर पाचशे, वॉटर पेपर शंभर, वार्निश तीनशे. म्हणजे दीड हजारांचं किट साडेचार हजारांपर्यंत जातं. एअरब्रश आणि छोटा कंप्रेसर घेतलात तर आणखी तीन ते सहा हजार. पहिल्या मॉडेलला तो लागत नाही. ऑलिव्ह ड्रॅब रंग ब्रशनेही नीट बसतो, थर तेवढे पातळ द्या.

परदेशातून थेट मागवणार असाल तर सावध. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. व्यक्तिगत पार्सलचा दर वेगळा असतो आणि बदलतो, तेव्हा मागवण्याच्या दिवशीचा दर बघा. त्यावर कुरिअरवाल्याची हाताळणी फी निराळी, ती आधी लेखी विचारा. पार्सल सोडवायला आधार किंवा पॅन लागतं. अमेरिकेतल्या भाच्याने ‘गिफ्ट’ लिहून पाठवलं म्हणून शुल्क चुकत नाही, ती पाच हजारांपर्यंतची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. तो येताना सामानातून, ठरलेल्या मर्यादेत घेऊन आला तर स्वस्त पडेल. ज्वालाग्राही रंग आणि थिनर मात्र विमानात चालत नाहीत, ते भारतातल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

हत्यारं ‘हॉबी’च्या नावाखाली महाग विकली जातात. बारीक कानशी, चिमटे, भिंग सोनारही वापरतात, म्हणून कोल्हापूरच्या गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, आसपास सोनारकामाच्या सामानाची चौकशी करा. वॉटर पेपर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो : ४०० ते १००० नंबर. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातलं एनसी थिनर प्लॅस्टिकला लावू नका, पृष्ठभाग वितळतो.

ह्यूईचं अर्धं नाक काचेचं. तिथे फेविक्विक वापरलंत की वाफेने काच पांढुरकी होते आणि ती सहसा पूर्ववत होत नाही. साधा फेविकॉल दात कोरायच्या काडीच्या, म्हणजे टूथपिकच्या, टोकाने लावा. सुकल्यावर पारदर्शक होतो आणि खर्च वीस रुपये. या कामात महागड्या ‘क्लिअर ग्लू’ची खरंच गरज नाही.

वेळ किती? शनिवार-रविवार बसलात तर १:७२ ला तीन-चार आठवडे. स्प्रे करणार असाल तर जून ते सप्टेंबर टाळा : पावसाळी दमट हवेत लॅकरवर पांढरी झाक येते. ब्रशकामाला अडचण नाही, फक्त वाळायला जास्त वेळ द्या.

धुळीपासून वाचवायला ॲक्रिलिकची पेटी लागतेच, आणि हा खर्च कोणी सांगत नाही. फलक बनवणाऱ्याकडून तीन मिलिमीटर जाडीची करून घ्या, कटिंग आणि जोडणी धरून भाव विचारा. माप देण्याआधी पंखा फिरवून सांगाड्याच्या रेषेत आणा. ह्यूईला दोनच पाती असतात, उभ्या हेलिकॉप्टरचं एक पातं शेपटीला बांधून ठेवतातही. १:३५ चा पंखा आडवा ठेवलात तर नुसत्या त्याच्यासाठी ३८ सेंटिमीटर रुंदी लागते. सरळ ठेवलात तर लांबी थोडी वाढते, पण रुंदी निम्म्याहून कमी होते आणि पेटीचं बिलही उतरतं.