पदवीचा खर्च आणि पदवीचे मोल
(अभ्यासलेख)



बुरूज बांधायला घेण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. बारावीचा निकाल लागला की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांतील घरांतही असाच हिशेब मांडावा लागतो. मुलगी म्हणते, "मला नर्सिंगला जायचंय." वडील विचारतात, "खर्च किती? आणि नोकरी लागेल का?" हा प्रश्न योग्यच आहे. मदत करणाऱ्या आपणही तो विचारायला हवा.

पदवी कोणती, पदविका कोणती?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली नाशिकला स्थापन झाले. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला त्याचे मुख्यालय आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी याच विद्यापीठाची असते. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका आहे आणि ती कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही घेता येते.

राज्य शासनाच्या रुग्णालयांत अधिपरिचारिकेच्या पदाला दोन्ही शिक्षणे चालतात आणि दोघींचे मूळ वेतन एकाच श्रेणीत, 35,400 रुपयांपासून, सुरू होते. म्हणजे पहिल्या पगारापुरते पाहिले तर चौथ्या वर्षाचा वेगळा मोबदला मिळत नाही. तो पुढे मिळतो. एम.एस्सी.ला किंवा महाविद्यालयात शिकवायला जायचे तर पदवी लागते. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठीही बी.एस्सी. नर्सिंग ही पात्रता धरली जाते. जीएनएम झालेल्या मुलीला नंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी घेता येते. एकूण वर्षे पाच होतात, पण मध्ये कमाई सुरू होते. ज्या घराला लवकर आधार हवा आहे, त्याला ही वाट सोयीची पडू शकते.

एक हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. समजा, खाजगी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला 80,000 रुपये आहे. राहणे, जेवण आणि प्रवासाला महिना 5,000 रुपये लागतात. तिसरा खर्च बहुतेकजण विसरतात. ती मुलगी घरी असती तर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला गेली असती. रोज 300 रुपयांप्रमाणे 150 दिवस धरले, तर वर्षाला 45,000 रुपये होतात. ही बुडालेली मजुरीसुद्धा शिक्षणाचाच खर्च आहे.

चार वर्षांचे शुल्क 3,20,000, राहणे-जेवण 2,40,000 आणि बुडालेली मजुरी 1,80,000. एकूण 7,40,000 रुपये. शिष्यवृत्तीने सगळे शुल्क भरले, तरी 4,20,000 उरतातच. "शिक्षण फुकट आहे" असे आपण सहज म्हणतो, पण त्या घराला ते फुकट पडत नाही.

आता परतावा पाहू. खाजगी रुग्णालयात महिना 18,000 रुपये मिळाले, तर वर्षाचे 2,16,000 होतात. त्यातून मजुरीचे 45,000 आणि शहरात राहण्याचे 60,000 वजा केले की 1,11,000 उरतात. शिष्यवृत्ती असेल तर खर्च चार वर्षांच्या आत भरून निघतो. नसेल तर साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे. शासकीय नोकरी लागली, तर 35,400 या मूळ वेतनावरच 4,20,000 रुपये सुमारे सोळा महिन्यांत निघतात.

पण दोन वर्षांनी शिक्षण सुटले तर? शिष्यवृत्ती असूनही 2,10,000 रुपये गेले आणि हाती प्रमाणपत्र नाही. नर्सिंगची अर्धी पदवी कोणी विचारत नाही. या हिशेबातला सर्वांत मोठा धोका इथे आहे.

प्रवेशाआधी काय पाहावे?

महाविद्यालय आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, आणि पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होईल का, हे आधी विचारावे. आकर्षक नावाच्या, मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाला पैसे भरू नयेत. जमातीच्या दाखल्याची वैधता अकरावीतच मिळवायला लागावे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून घ्यावा, कारण व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला शिष्यवृत्तीचा आधार मिळत नाही. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून जेवण आणि निवासासाठी रक्कम मिळू शकते.

आपला वाटा

प्रवेशाच्या दिवशी दिलेली देणगी चांगलीच, पण मुलगी अडते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबतो, खानावळीचे पैसे थकतात, घरी आजारपण येते. अशा वेळी महिना दोन हजारांचा आधार पुढचे सगळे वाचवू शकतो. म्हणून दहाजणींच्या पहिल्या वर्षाला हातभार लावण्याऐवजी तिघींना शेवटच्या परीक्षेपर्यंत आणि नोंदणीपर्यंत पोहोचवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

पदवीचे सगळेच मोल रुपयांत मोजता येत नाही. पाड्यावर रात्री बाळंतवेणा सुरू झाल्या, तर जवळपास शिकलेली बाई असणे ही मोठी गोष्ट आहे. पण तिथवर पोहोचायचे तर आधी हे रुपये मोजावेच लागतील.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या ओळखीच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या खर्चात बुडालेली मजुरी धरली, तर एकूण किती होते?
2. तिच्या घरासाठी थेट पदवी योग्य, की आधी पदविका आणि मग पदवी?
3. आपली मंडळी एका मुलीला चार वर्षे सलग आधार देऊ शकेल का? त्यासाठी दर घरामागे महिन्याला किती रुपये लागतील?