पावतीवर आकडा कुणी लिहायचा?

प्रश्न : माझं छोटं किराणा दुकान आहे. गणपतीआधी मंडळाची मुलं पाच हजारांची पावती आधीच फाडून गल्ल्यावर ठेवतात. कमी देतो म्हटलं की ‘धंदा इथंच करायचाय ना?’ असं ऐकवतात. नकार देणं चुकीचं आहे का?

उत्तर : मुळीच नाही. मागण्यात गैर काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था लोकांकडे मागूनच वाढली. मुष्टिफंडासाठी घरची बाई दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायची. मूठ तिची असायची. तुमच्या पावतीवरचा आकडा मात्र दुसऱ्यानंच लिहिलाय, आणि नकाराची किंमतही त्यानंच ठरवलीय. याला वर्गणी म्हणवत नाही.

धमकावून पैसे घेणं ही खंडणी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली तो गुन्हा ठरतो. मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क). ती दाखवायला सांगा, गेल्या वर्षीचा हिशेबही मागा. झेपेल ती रक्कम तुमच्या हातानं पावतीवर लिहा, किंवा काहीच देऊ नका.

देणगीदारांची नावं रकमेसह चौकात लावणं मला तितकंच खटकतं. त्यात धमकी नसते, पण पन्नास रुपये देणारा उगाच खजील होतो. पावतीबद्दल मंडळाच्या अध्यक्षांशी शांतपणे बोला; शेजारच्या दोन-तीन दुकानदारांना सोबत न्या. पुन्हा दमदाटी झाली तर मात्र थेट पोलीस ठाणं गाठा.