पहिला हिवाळा भाड्याचा: स्नोमोबाइलच्या छंदाचा खरा खर्च

नोकरीनिमित्त मिनेसोटात आलेल्या मराठी घरांत दोन-तीन हिवाळे सरले की कुणा ना कुणाला स्नोमोबाइल खुणावू लागते. गुलमर्गला चालकाच्या मागे बसून एखादी फेरी मारलेली असते. इथे तर राज्यभर २२,००० मैलांच्या आसपास राखलेल्या ट्रेल आहेत. पोलारिस आणि आर्क्टिक कॅट या दोन्ही कंपन्या याच राज्याच्या उत्तरेकडच्या लहान गावांत सुरू झाल्या. छंद जरूर लावून घ्या, पण पहिल्या हिवाळ्यात स्लेड (स्नोमोबाइलला इथे हेच म्हणतात) विकत घेऊ नका.

याचं मुख्य कारण बर्फाचा बेभरवसा. २०२३-२४ च्या हिवाळ्यात इथे बर्फ इतका कमी पडला की कित्येक ट्रेल जेमतेम उघडल्या. ज्यांनी कर्ज काढून स्लेड घेतली होती, त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. पातळ बर्फावर रेटून चालवणं तर आणखी महागात पडतं, कारण बहुतेक स्लेडचं इंजिन आणि फिरत्या पट्ट्याच्या आतल्या प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्या उडणाऱ्या बर्फानेच थंड राहतात.

आता आकडे. हे अंदाजी आहेत. मॉडेल आणि हंगामानुसार बदलतात. ट्रेलवर चालवायची नवी, पूर्ण आकाराची स्लेड साधारण १२ ते १८ हजार डॉलरना पडते. आठ-दहा वर्षांची, नीट राखलेली जुनी ४ ते ६ हजारांत मिळते. भाडं दिवसाला २०० ते ४०० डॉलर, पेट्रोल बहुधा वेगळं. अनामत रक्कम क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. मोडतोड झाली तर आपल्या अंगावर किती येणार, ते सही करण्याआधी वाचा.

जुन्या स्लेडचा वर्षाचा हिशेब असा: विमा १०० ते ३००, देखभाल आणि सुटे भाग ४०० च्या आसपास, घसारा ५०० ते ७००, आणि ट्रेलरचा वाटा. ड्राइव्ह बेल्ट तुटला तर आणखी दीड-दोनशे. मिनेसोटातली ट्रेलसाठीची नोंदणी तीन वर्षांची असते, शंभर-सव्वाशे डॉलर धरा. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये जाणार असाल तर तिथला ट्रेल पास वेगळा. हे सगळं मिळून वर्षाला १,४०० ते १,६०० होतात. म्हणजे हिवाळ्यात पाच-सहा दिवसांहून जास्त फिरणं होणार असेल, तरच जुनी स्लेड भाड्यापेक्षा परवडते. नव्या यंत्राचा घसारा मोठा; त्याला दहा-बारा दिवस तरी हवेत.

ट्रेलर हा विसरला जाणारा खर्च. साधा उघडा ट्रेलर दीड हजारापासून मिळतो, पण गाडीला तो जोडायची कडी (हिच) बसवावी लागते. टाउनहाउसमध्ये राहत असाल तर सोसायटीचे नियम आधी तपासा. पुष्कळ ठिकाणी ट्रेलर बाहेर उभा करू देत नाहीत, मग स्टोरेजचं महिन्याचं भाडं सुरू होतं.

कपड्यांत आणि हेल्मेटमध्ये मात्र हात आखडता घेऊ नका. उणे २० अंशांत ताशी ४० मैलांचा वारा अंगावर येतो, तेव्हा घरातलं नेहमीचं जॅकेट पुरत नाही. वारा अडवणारं जॅकेट-बिब, बूट, हातमोजे आणि हेल्मेट मिळून माणशी ८०० ते १,२०० डॉलर लागतात. काचेला विजेची ऊब असलेलं हेल्मेट महाग असतं, तरी तेच घ्या: श्वासाने काच गोठली की समोरचं दिसत नाही. जुनं हेल्मेट कधीच घेऊ नये, कारण त्याने आधी मार खाल्लाय का ते बाहेरून कळत नाही. आत सुती कपडे नकोत. घामाने भिजले की अंग गारठतं.

मिनेसोटातल्या रहिवाशाचा जन्म ३१ डिसेंबर १९७६ नंतरचा असेल, तर सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. मोठ्यांना हा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. तळ्यावर स्लेड नेण्यासाठी राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं किमान ५ ते ७ इंच नवा, पारदर्शक बर्फ सांगतं. पांढुरका असेल तर त्याहून बराच जाड हवा. पाण्यात पडलात तर बर्फात रुतवून स्वतःला वर ओढायच्या आइस पिक्स दहा-पंधरा डॉलरना मिळतात. त्या गळ्यातच अडकवून ठेवा.

स्थानिक क्लबचं सभासदत्व मला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च वाटतो. वर्गणी थोडी असते आणि ट्रेल सपाट करण्याचं काम बहुतेक ठिकाणी हेच स्वयंसेवक करतात. अनेक ट्रेल खासगी शेतांतून जातात, मालकाने दिलेल्या परवानगीवर. खुणा सोडून शेतात शिरलात तर ती परवानगी सगळ्यांचीच जाऊ शकते.

भाड्याचा हिवाळा संपल्यावरही ओढ कायम असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये जुनी स्लेड शोधा. तेव्हा विकणाऱ्याला जागा मोकळी करायची असते. पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. ते गरम असेल तर थंडीत सुरू होण्याचा त्रास लपवायला आधीच चालवून ठेवलं असू शकतं. पट्ट्याचे दात झिजलेत का, सीटखालचा पत्रा वाकलाय का आणि नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, ते पाहा. इंजिनाचं कॉम्प्रेशन मेकॅनिककडून तपासून घ्या. त्याला शंभर डॉलर लागले तरी द्या, आणि मेकॅनिक नको म्हणाला तर परत फिरा.