नव्या शाळेचा उंबरठा : दानीएलापासून घ्यावयाचा धडा

शास्त्रपाठ : दानीएल, अध्याय १ ला.

रोजचे वाचन : सोमवार, दानीएल १:१-७. मंगळवार, दानीएल १:८-१६. बुधवार, दानीएल १:१७-२१. गुरुवार, १ शमुवेल २:१८-२१. शुक्रवार, लूक २:४१-५२. शनिवार, नीतिसूत्रे २:१-११. रविवार, २ तीमथ्य ३:१४-१७.

जून महिन्यात शाळा उघडतात, आणि आपल्या मंडळ्यांतील कित्येक मुले व मुली गावची मराठी शाळा सोडून हायस्कुलाच्या आठव्या इयत्तेत पाऊल टाकतात. कोणी गावातल्याच हायस्कुलात जातात, कोणी कबनुराहून इचलकरंजीस जातात, कोणी वसतिगृहात राहावयास जातात. दाखला काढला, नाव घातले, गणवेश शिवला व वह्या घेतल्या, म्हणजे आपले काम झाले असे आईबापांस वाटते. परंतु खरे काम तेथून पुढे असते. बुद्धी कमी म्हणून मूल शाळा सोडते, असे क्वचितच घडते. नव्या वर्गात ते एकटे पडते. जे समजले नाही ते विचारावयास त्यास लाज वाटते. घरीही त्याची अडचण कोणी विचारीत नाही. आणि असे दोन-चार महिने गेले म्हणजे, अभ्यास आपल्या नशिबी नाही, असे ते मनाशी ठरवून टाकते. म्हणून या पाठाचा मुख्य मुद्दा एवढाच की, हा उंबरठा कोणत्याही मुलास एकट्याने ओलांडू देऊ नये.

आपल्या भागात ही गोष्ट समजावयास कठीण नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आणि त्या दिवसापासून या पंचक्रोशीतील हजारो घरे मागावर जगत आली आहेत. मागावर काम करणाऱ्यास ठाऊक आहे की, एक बीम संपून दुसरे चढविले म्हणजे जुन्या सुताचे एकेक टोक नव्या सुतास सांधावे लागते. सूत कितीही चांगले असो, सांधा सुटला तर तो दोष पुढे कापडात दिसतोच. प्राथमिक शाळा आणि हायस्कूल यांचा सांधा असाच आहे, आणि तो हातानेच जुळवावा लागतो.

१. दानीएलाची नवी शाळा (वचने १-७)

इसवी सनापूर्वी सुमारे ६०५ या वर्षी दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या या चौघा तरुणांस यरुशलेमेहून बाबेलास नेण्यात आले. तेथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. त्यांस खास्दी लोकांची भाषा व विद्या शिकावयाची होती. अन्न राजाच्या घरचे होते. नावे सुद्धा बदलण्यात आली. ते आपखुशीने गेले नव्हते, हा मोठा भेद खरा. परंतु नवी जागा, नवी भाषा, नवे शिक्षक व नवी हाक, हे सर्व एकदम अंगावर आले म्हणजे लहान जिवाचे काय होते, हे या सात वचनांवरून आपणांस ताडता येते.

गावच्या शाळेत एकच गुरुजी किंवा बाई बहुतेक विषय शिकवितात व मुलास घरच्यासारखे ओळखतात. हायस्कुलात तासागणिक शिक्षक बदलतात, आणि वर्ग मोठा असला तर ओळख होण्यास दिवस लागतात. पुष्कळ हायस्कुलांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत. तेथे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवितात. ज्या मुलास त्रिकोण व अपूर्णांक उत्तम येतो, तेच मूल ट्रँगल व फ्रॅक्शन हे शब्द ऐकून गोंधळते, आणि आपणांस गणितच येत नाही असे समजते. त्यास गणित येते. शब्द मात्र येत नाहीत. म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी किंवा मंडळीतील कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांनी मे महिन्यात अशा मुलांकडून रोज पाच शब्द, मराठी व इंग्रजी जोडीने, पाठ करून घ्यावे. महिनाभरात दीडशे शब्द होतात, आणि तेवढ्याने पहिल्या धड्यांची भीती पुष्कळशी जाते.

२. काय घ्यावे व काय नाकारावे (वचन ८)

दानीएलाने खास्दी लोकांची भाषा नाकारली नाही, विद्या नाकारली नाही, आणि नवे नाव ठेविले म्हणून भांडणही केले नाही. त्याने एकच गोष्ट नाकारली, आणि ती कोणती हे आधीच मनात ठरविले. आपल्या मुलांस आपण पुष्कळदा याच्या उलट शिकवितो. विज्ञानाचे भय घालतो, परधर्मीय सोबत्यांविषयी संशय भरवितो, आणि खोटे बोलणे, नक्कल करणे, तंबाखू-गुटखा खाणे, दुर्बळ मुलास छळणे, याविषयी काहीच बोलत नाही. घर सोडण्यापूर्वी मुलाशी शांतपणे बसून, या चार गोष्टी आपण करावयाच्या नाहीत, बाकी जे चांगले शिकवितील ते सर्व शिकावयाचे, असे स्पष्ट ठरवावे. जातीवरून वा धर्मावरून कोणी टोचून बोलले, तर हातघाईवर न येता वर्गशिक्षकांस व घरी सांगावे, हेही सांगून ठेवावे. मारहाण व मानसिक छळ यांस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे, हे पालकांस माहीत असावे. बाबेलात नाव बदलले, पण दानीएलाचा देव बदलला नाही. ज्यास आपण कोणाचे आहो हे ठाऊक आहे, तो टोमण्याने लवकर खचत नाही.

३. दहा दिवस (वचने ९-१६)

दानीएलाने आपली विनंती प्रथम मुख्य खोजास केली. तो दयाळू होता, तरी राजाला भ्याला आणि होय म्हणाला नाही. तेव्हा दानीएल रागावला नाही किंवा गप्पही बसला नाही. ज्या कारभाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष व्यवस्था होती त्याच्याकडे तो गेला, आणि दहा दिवस पाहा, असे त्याने नम्रपणे सुचविले. विचारणे हे उद्धटपण नव्हे, हे मुलांस येथून शिकवावे. आपला प्रभु बारा वर्षांचा असता मंदिरात गुरुजनांमध्ये बसला, तेव्हा तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांस प्रश्नही करीत होता. एका शिक्षकांस वेळ नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, किंवा वर्गशिक्षकांस विचारावे. पण न समजलेले झाकून ठेवू नये.

दहा दिवसांची ही कल्पना घरीही उपयोगाची आहे. शाळा उघडल्यापासून पहिले दहा दिवस आई, बाप किंवा वडील भाऊ यांपैकी कोणी तरी रात्री मुलाजवळ बसून तीनच प्रश्न विचारावे : आज कोणाजवळ बसलास? कोणते शिक्षक आले व काय शिकविले? काय समजले नाही? वाचता न येणाऱ्या आईसही हे प्रश्न विचारता येतात. पहिल्या प्रश्नास तीन दिवस उत्तर आले नाही, तर मूल एकटे आहे असे समजावे. तिसऱ्यास, सगळे समजले, असेच उत्तर रोज येऊ लागले, तर वही उघडून पाहावी. बाप रात्रपाळीस असेल तर सकाळी विचारावे. पण विचारल्यावाचून दिवस जाऊ देऊ नये. आणि अभ्यासाची वेळ ठरवून द्यावी. त्या वेळी मुलास कांड्या भरावयास किंवा दुकानास पाठवू नये, आणि घरात मोबाईलचा आवाज बंद ठेवावा.

४. चौघे सोबती, आणि एका कुंभोजकराची गोष्ट

दानीएल एकटा नव्हता, चौघे होते. मंडळीतून एकाच हायस्कुलात जाणारी मुले असतील तर ती एकत्र जावी व एकत्र यावी, आणि वरच्या वर्गातील एका शहाण्या मुलाच्या किंवा मुलीच्या हवाली त्यांस करावे.

आपल्याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील जन्मले. ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात शिकावयास गेले. १९०८ साली अस्पृश्य म्हटलेल्या मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला; म्हणून ज्या वसतिगृहात ते राहत होते तेथून त्यांस काढण्यात आले. त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पुरे झाले नाही. परंतु खेड्यातून आलेल्या मुलास डोक्यावर छप्पर, ताटात भाकर व पाठीवर हात नसेल तर त्याची विद्या टिकत नाही, हे त्यांस कळले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तेथील मुलांस जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने मोडले. ज्याची स्वतःची शाळा मध्येच सुटली त्याच्या हातून लाखो मुलांस शाळा मिळाली. आपली मंडळी लहान असेल. तरी एका मुलास संध्याकाळी बसावयास उपासनामंदिरातील दिवा व जागा देणे तिच्याने होईल.

५. पाळक व वडील यांनी करावयाची कामे

पहिले, कागदपत्रे. प्राथमिक शाळेतून दाखला तत्परतेने मिळणे हा मुलाचा हक्क आहे, आणि आठवीपर्यंतच्या वर्गांत दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. जन्मतारीख व नाव यांतील चूक आताच दुरुस्त करून घ्यावी.

दुसरे, परीक्षा व शिष्यवृत्ती. महाराष्ट्रात २०२३ साली पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा लागू झाली; नापास झाल्यास पुन्हा एक संधी मिळते, आणि तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहते. म्हणून, आठवीपर्यंत काळजी नाही, ही समजूत आता सोडावी.  आठवीतच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठी एन. एम. एम. एस. ही परीक्षा असते. तीत निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मुख्याध्यापकांस जाऊन विचारावे.

तिसरे, मुली. कायद्याची सक्ती सहा ते चौदा वर्षांपर्यंत आहे. ती सरली की पुष्कळ मुली घरी बसतात. रस्ता, धाकटी भावंडे व लग्नाची बोलणी ही तीन कारणे पुढे येतात. सोबत लावून दिल्यास रस्त्याचे भय कमी होते. भावंडांचे काम मुलग्यांसही वाटून देता येते. आणि अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न हा गुन्हा आहे, हे पाळकाने स्पष्ट सांगावे.

ज्यांची मुले वसतिगृहात जातात त्यांनी हन्नेचे स्मरण ठेवावे. तिने शमुवेलास मंदिरात ठेविले, पण ती त्यास विसरली नाही. दर वर्षी ती त्याच्या मापाचा नवा झगा शिवून नेई. मूल किती वाढले हे तिला ठाऊक होते. फी पाठविणे पुरेसे नाही. भेटावयास जाणे व माप घेणे अवश्य आहे.

या अध्यायाच्या शेवटच्या वचनात, कोरेश राजाच्या पहिल्या वर्षापर्यंत दानीएल तेथे राहिला, असे सांगितले आहे. तो काळ साठ वर्षांहून अधिक होतो. दहा दिवस ज्याला नीट निभावता आले तो साठ वर्षे टिकला.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतून या वर्षी कोण कोण हायस्कुलात जाणार? त्यांची नावे आज लिहून काढा.

२. त्यांपैकी प्रत्येकाबरोबर सोबती कोण आहे? नसेल तर कोणास नेमावे?

३. दानीएलाने काय स्वीकारले व काय नाकारले? आपल्या मुलांस आपण तोच भेद शिकवितो काय?

४. शाळा सोडून घरी बसलेले मूल आपल्या गल्लीत आहे काय? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?

प्रार्थनेचा विषय : नव्या शाळेत जाणारी मुले, त्यांचे शिक्षक, आणि कामावरून थकून आल्यावरही मुलाजवळ बसणारे आईबाप.