वादातील क्रोधलक्षणे

कर्णपर्वातील युधिष्ठिर व अर्जुन यांच्या कलहाचा प्रसंग बहुधा सत्य आणि प्रतिज्ञा यांच्या विवेचनासाठी सांगितला जातो. आप्तस्नेह्यांच्या वादात क्रोध कसा ओळखावा, या दृष्टीने त्याचे मनन क्वचितच होते.

युद्धाचा १७ वा दिवस होता. कर्णाच्या बाणांनी जर्जर झालेला युधिष्ठिर शिबिरात परतला होता. श्रीकृष्ण चक्रवर्ती व अर्जुन समाचारास आले, तेव्हा कर्ण मारला गेला असे समजून तो हर्षित झाला. कर्ण जिवंत असल्याचे कळताच मात्र त्याने अर्जुनाची निर्भर्त्सना केली. गांडीव दुसऱ्यास देऊन टाकावे, येथपर्यंत त्याची वाणी गेली. अर्जुनाने प्रत्युत्तर दिले नाही. त्याने खड्ग उपसले.

येथे भगवंतांनी प्रथम काय केले? उपदेश केला नाही. येथे युद्ध करण्याजोगा कोणी दिसत नाही, राजास पाहावयास आलास, तो कुशल आहे. मग हे खड्ग कशासाठी, असे विचारले. अर्जुनाची दृष्टी युधिष्ठिरावर खिळलेली होती व श्वास डिवचलेल्या सर्पासारखा चालला होता. तरी तो बोलता झाला, आणि गांडीव दुसऱ्यास दे म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करण्याचे त्याचे गुप्त व्रत प्रकट झाले. भगवंतांनी त्याचा कठोर निषेध केला खरा, पण कारण ऐकून घेतल्यावर.

दुसरे लक्षण अर्जुनास दिसले नव्हते. राजा श्रांत आहे, घायाळ आहे, दुःखाने बोलतो आहे, हे भगवंतांना सांगावे लागले. युधिष्ठिराच्या कठोर शब्दांत वेदना होती. अर्जुनाने केवळ शब्द ऐकले.

शास्त्रचर्चेत बसलेल्या दोघा गुरुबंधूंमध्ये खड्ग नसते, पण हात कोठे चालला आहे हे तेथेही दिसते. तेच वाक्य तिसऱ्यांदा, अधिक उंच स्वरात येते. सूत्राचा अर्थ बाजूस राहून मागील चातुर्मासातील गोष्ट निघते. ‘अहो’चे ‘अरे’ होते. वडील भावास ‘तू’ म्हणणे हाच त्याचा वध, असे भगवंतांनी अर्जुनास सांगितले होते. एकेरी संबोधनाचे शस्त्रपण यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावे? काहींचा क्रोध उलट मौनात शिरतो, आणि प्रतिपक्षी त्यास आपला विजय मानतो! असे लक्षण दिसताच प्रमाणांची मांडणी थांबवावी. ‘आपण रागावलात’ असे म्हणणे हाही एक प्रहारच होय. त्यापेक्षा कोणता शब्द लागला, हे विचारावे. उत्तर न आले तर पोथी बांधून ठेवावी. सूत्राचा अर्थ उद्याही लागेल.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, ८ व्या अध्यायात, वैद्यांच्या चर्चेचे स्नेहाची व विरोधाची असे दोन प्रकार सांगून, पहिल्या प्रकारास योग्य अशा सहवाद्याच्या गुणांत न कोपणे हा गुण गणला आहे. पण असा सोबती नित्य कोठून मिळणार? लाभलेल्या सोबत्याचा कोप ओळखणे तेवढे आपल्या हाती आहे.

एकदा ओळखून काम संपत नाही. भगवंतांनी सुचविल्याप्रमाणे अर्जुनाने युधिष्ठिरास एकेरीत दूषणे दिली, आणि पश्चात्तापाने पुन्हा खड्ग उपसले, या वेळी स्वतःसाठी. भगवंतांनी पुन्हा विचारले, हे कशासाठी? आत्मस्तुती हाच आत्मवध, असे सांगून त्यांनी त्यास आवरले. तोवर युधिष्ठिर शय्येवरून उठून वनात जाण्यास निघाला होता. त्यासही भगवंतांनीच, नम्र होऊन, थांबविले. मग अर्जुनाने ज्येष्ठ बंधूचे चरण धरले, आणि दोघेही रडले.