मापाची निवड

संस्थेचे कार्य मोजावयाचे झाल्यास प्रथम असे विचारले पाहिजे, की या मापाच्या आधारे कोण आणि कोणता निर्णय घेणार आहे? हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जे सहज मोजता येते तेच मोजले जाते: खर्ची पडलेला निधी, टाकलेल्या नळांची लांबी, निकालात काढलेले अर्ज.

बेंगळुरूचा पाणीपुरवठा पाहा. कावेरी योजनेचा पहिला टप्पा 1974 साली पूर्ण झाला. सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून, तेही चढावर, पाणी शहरात आणावे लागते. रोज किती लिटर पाणी उपसले हा आकडा अभियंत्यास अत्यावश्यकच होय. परंतु एखाद्या गल्लीतील नळास पाणी किती तास येते, हे त्यावरून कळत नाही. गळती मधल्या वाटेवर होते, आणि नळापाशी रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचा अनुभव कोणत्याच नोंदवहीत उतरत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न सॅम्युएल पॉल यांनी केला. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेचे संचालकपद त्यांनी पूर्वी भूषविले होते. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरातील सार्वजनिक सेवांना नागरिकांकडून गुण देवविण्यात आले. जणू शाळेचे प्रगतिपुस्तकच! बंगलोर विकास प्राधिकरणाविषयी समाधान व्यक्त करणारे अवघे 1 टक्का निघाले. पाणी वा वीज पुरविणाऱ्या मंडळास प्रतिस्पर्धी नसतो. असंतुष्ट ग्राहकास दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नसते. संस्थांचे गुण शेजारी शेजारी छापले गेले, तेव्हा स्पर्धेची उणीव काही अंशी भरून निघाली.

तथापि समाधान हे मोठे निसरडे माप आहे. ज्याने कधी चांगली सेवा अनुभवलीच नाही, तो थोडक्यातही संतुष्ट होतो. म्हणूनच झोपडपट्टीतील रहिवाशांची पाहणी स्वतंत्रपणे झाली, हे योग्यच होते. शिवाय ‘तुम्ही समाधानी आहात काय?’ एवढेच विचारून अधिकाऱ्यास काय करावे ते उमगत नाही. कामासाठी किती खेपा घालाव्या लागल्या, तक्रार सुटली काय, लाच द्यावी लागली काय, असे विचारले म्हणजे दोष कोठे आहे ते दिसू लागते.

1999 व 2003 साली पुन्हा पाहण्या झाल्या. 1999 मध्ये सुधारणा मर्यादित दिसली, 2003 मध्ये ठळक. मात्र 1999 सालीच मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांच्या कारकिर्दीत ‘बंगलोर अजेंडा टास्क फोर्स’ नेमला गेला होता. सुधारणेचे श्रेय किती प्रगतिपुस्तकाचे आणि किती त्या दलाचे, हे केवळ टक्केवारीवरून वेगळे काढता येत नाही.