संशोधनाचे विषय उमापूरच्या वेशीतच

शिक्षणशास्त्र, अध्यापन अथवा वाणिज्य यांचे उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो संशोधनाच्या विषयाचा. ग्रंथालयातील जुने प्रबंध चाळावेत, एखादे शीर्षक उचलावे आणि त्यात आपल्या तालुक्याचे नाव घालावे, ही वाट सोपी खरी. परंतु त्या वाटेने सिद्ध झालेला प्रबंध परीक्षेनंतर कपाटातच विसावतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमातच क्षेत्रप्रकल्पाला आणि चौथ्या वर्षी संशोधनाला स्थान मिळाले आहे. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ पदव्युत्तर वर्गापुरता उरलेला नाही. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याने विषय कोठे शोधावा, याचे उत्तर त्याच्या गावाच्या वेशीतच मिळू शकते.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर हे गाव उदाहरणादाखल घेऊ. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या जायकवाडी प्रकल्पाचा उजवा कालवा या भागातून माजलगावच्या दिशेने जातो. कापूस हे येथील प्रमुख नगदी पीक. त्याच वेळी बीड हा राज्यातील ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसराकडे निघतात आणि चैत्र-वैशाखात परततात. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग या काळात येतो. शिक्षण, अध्ययन आणि व्यवसाय या तिन्ही क्षेत्रांतील अभ्यासाला एवढी सामग्री पुरेशी आहे.

मोजणीचे सामर्थ्य

गावपातळीवरील अभ्यासाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रा. धनंजयराव गाडगीळ व प्रा. वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयी केलेल्या दोन पाहण्यांचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. शाळा सोडलेल्या मुलांचे अक्षरज्ञान पुढे टिकते की लोपते, असा साधा परंतु मूलगामी प्रश्न त्या काळी विचारला गेला होता. तो आजही जुना झालेला नाही.

अलीकडचे उदाहरण खुद्द बीड जिल्ह्याचेच आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी अनेक वर्षे कुजबुज होती. २०१९ मध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली व १३ हजारांहून अधिक महिलांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. तोवर जी गोष्ट ऐकीव होती, तिला आकडा मिळाला आणि शासनाला व समाजाला तिची दखल घ्यावी लागली. संशोधनाचे हेच कार्य होय.

शिक्षण : हजेरीपटातील प्रश्न

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची, तसेच आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवण्याची जबाबदारी त्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. पालकांनी ऊसतोडीस जावे, पण मुलांनी गावातच राहून शिकावे, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. या तरतुदी प्रत्यक्षात कितपत पोचतात, याचा अभ्यास शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावा.

त्यासाठी पुढील विषय सुचविता येतील : ऑक्टोबर ते एप्रिल या काळातील इयत्तावार उपस्थिती, हंगामी वसतिगृह सुरू होण्याचा दिवस आणि कुटुंबे गाव सोडण्याचा दिवस यांतील अंतर, गावातून गेलेले मूल कारखान्याच्या परिसरातील शाळेत दाखल झाले काय, आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलींना सोबत नेण्याचे प्रमाण. यांतील दुसरा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु कुटुंब निघून गेल्यावर पंधरा दिवसांनी वसतिगृह उघडले, तर ते मूल मागे राहतच नाही. तारखांचा हा हिशेब मांडण्यासाठी हजेरीपट आणि चार घरांतील चौकशी पुरेशी होते.

अध्ययन : काय शिकले आणि काय विसरले

उपस्थिती म्हणजे अध्ययन नव्हे, हे शिक्षकांना सांगावयास नको. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पायाभूत वाचन व संख्याज्ञान यांवर भर दिला आहे. उमापूरसारख्या गावात या विषयाला एक वेगळे परिमाण आहे : मूल सहा महिने शाळेपासून दूर राहिले तर शिकलेल्यातील किती उरते?

अभ्यासाची मांडणी अशी करता येईल. तिसरी ते पाचवीच्या विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत : पालकांसोबत गेलेली मुले, वसतिगृहात अथवा आजी-आजोबांकडे राहिलेली मुले आणि ज्यांची कुटुंबे स्थलांतर करीत नाहीत अशी मुले. सप्टेंबरअखेर, म्हणजे कुटुंबे निघण्यापूर्वी, प्रत्येकाकडून एक सोपा उतारा वाचून घ्यावा व हातच्याची वजाबाकी करून घ्यावी. कुटुंबे परतल्यावर तेवढ्याच काठिण्याची दुसरी चाचणी घ्यावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तिन्ही गटांची केवळ अंतिम गुणांवरून तुलना केल्यास निष्कर्ष फसवा ठरेल. ज्या घरात सांभाळणारी वडीलधारी माणसे आहेत, तेथीलच मुले मागे राहतात. म्हणजे हे गट आरंभीच सारखे नसतात. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना प्रथम त्याच्याच पूर्वीच्या स्थितीशी करावी. तसेच आठ मुलांच्या गटात एका मुलामुळे साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो. अशा ठिकाणी टक्केवारी देण्यापेक्षा ‘आठपैकी तीन’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होय.

व्यवसाय : गुणवत्तेचे मोजमाप

गुणवत्ता हा शब्द उच्चारला की मोठ्या कारखान्यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली ती कारखान्यातील उत्पादनासाठीच. तिचे मूलतत्त्व मात्र साधे आहे. प्रत्येक वस्तूत थोडा फरक असणारच; तो नेहमीचा आहे की त्यामागे काही विशेष कारण आहे, हे ओळखावे. हे तत्त्व बचत गटाच्या पापडालाही लागू पडते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एखाद्या गटाकडील वीस पाकिटे दर आठवड्यास तोलावीत आणि आलेख काढावा. एखाद्या आठवड्यात वजन एकाएकी घटले, तर काटा बिघडला, माप बदलले की भरणारी व्यक्ती नवी होती, याचा शोध घ्यावा. पाकिटावरील वजन व तारखेची नोंद हा ग्राहकाचा हक्क आहे. ती नोंद बिनचूक असेल तर गटाला तालुक्याबाहेरची बाजारपेठ मिळणे सुकर होते.

दूध संकलन केंद्रावर स्निग्धांश व स्निग्धेतर घन पदार्थ यांवर दर ठरतो. हे मोजमाप उत्पादकाला दिसते काय, त्याला समजते काय, हा अभ्यासाचा दुसरा विषय. कापसाच्या हमीभाव खरेदीत आठ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. त्याहून अधिक, बारा टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास दरात कपात होते. वेचणी कोणत्या वेळी झाली, कापूस किती दिवस वाळविला व कोठे साठविला, यांचा ओलाव्याशी असलेला संबंध तपासल्यास शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे अधिक पडण्याचा मार्ग सापडू शकेल.

अभ्यासकाची मर्यादा आणि मर्यादशीलता

विषय निवडताना चार कसोट्या लावाव्यात. प्रश्न एका वाक्यात सांगता यावा. त्याचे उत्तर आधीच ठाऊक नसावे. लागणारी माहिती सहा महिन्यांत पायी हिंडून गोळा होण्यासारखी असावी. आणि उत्तर मिळाल्यावर गावातील कोणी तरी, मग ते मुख्याध्यापक असोत, सरपंच असोत वा गटाच्या अध्यक्षा, आपल्या कामात बदल करू शकतील असे असावे.

माहिती देणाऱ्याची संमती आधी घ्यावी. बालकांच्या बाबतीत पालकांची व शाळेची अनुमती घ्यावी. कुटुंबाने घेतलेली उचल, आजारपण यांसारख्या गोष्टी अहवालात नावानिशी येऊ नयेत. शिक्षक अथवा दुकानदार यांचे दोष काढणे हे अभ्यासाचे उद्दिष्ट नाही, हे आरंभीच स्पष्ट केले म्हणजे माहितीही खरी मिळते.

ग्रामपंचायतीचे सहकार्य

या कामी पंचायत सदस्यांची भूमिका मोलाची आहे. हंगामापूर्वी गावातून कोणती कुटुंबे जाणार व त्यांत किती बालके आहेत, याची यादी पंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी मिळून तयार केल्यास ती प्रशासनाच्या उपयोगी पडेल व अभ्यासकालाही आधार देईल. प्राध्यापकांनीही प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाकडे पाठविताना दोन पानांचा सुबोध मराठी सारांश ग्रामपंचायतीस द्यावा, आणि विद्यार्थ्याने तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर उभे राहून लिहिलेले वाचणे, यापेक्षा कठीण तोंडी परीक्षा दुसरी नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. या आकड्याच्या आत कोण सामावले आणि बाहेर कोण राहिले, हे जिल्ह्याच्या सरासरीवरून कळत नाही. ते एकेका गावात, एकेका हजेरीपटावरून शोधावे लागते. उसाच्या फडाकडे निघालेल्या गाडीत बसलेले मूल पुढच्या जूनमध्ये वर्गात परतेल की नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधणारा विद्यार्थी पदवी तर मिळवीलच. शिवाय पुढच्या हंगामात त्या मुलाला गावात ठेवण्यासाठी नेमके काय करावयाचे, हेही तो गावाला सांगू शकेल.